मूठ दिसते, पाते दिसत नाही

इटलीतील व्हेनिस नगरीत संत मार्कच्या बॅसिलिकेच्या दक्षिणेकडील एका कोपऱ्यावर चार पुरुष भिंतीला पाठ लावून उभे आहेत. पॉर्फिरी नावाच्या जांभळट तांबड्या, अतिशय कठीण दगडात ते कोरलेले आहेत. उंची सुमारे १३० सेंमी, म्हणजे आपल्या घरातील आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी. दोघादोघांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर आहे आणि चौघांचाही डावा हात कमरेच्या तलवारीच्या मुठीवर आहे. चेहरे एकमेकांसारखे, डोळे मोठे व ताठर, शरीरे ठोकळ्यासारखी. माणसामाणसांतला फरक दाखविण्यात शिल्पकाराला रस नव्हता, हे उघड आहे. मात्र तलवारींच्या मुठींपाशी येताच त्याचा हात जागा होतो. प्रत्येक मुठीला बाकदार चोचीच्या पक्ष्याचे, गरुडाचे, मस्तक आहे आणि ते त्याने मन लावून कोरले आहे.

गरुडाच्या मस्तकाच्या या मुठी आज पुन्हा घडविल्या जात आहेत. गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत प्राचीन रोमन शस्त्रे आणि कवचे नव्याने बनविण्याचा छंद चांगलाच रुजला आणि पाहता पाहता त्या छंदाला अभ्यासाची शिस्त आली. इंग्लंडमधील ‘अर्माइन स्ट्रीट गार्ड’ ही मंडळी १९७२ पासून रोमन सैनिकांची सामग्री स्वतः घडवून, ती अंगावर चढवून लोकांसमोर येते. १९८५ मध्ये जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी काही सोबत्यांसह रोमन सैनिकाच्या वेषात व ओझ्यासह आल्प्स पर्वत पायी ओलांडला. आपल्या देशातील देहरादूनच्या कारखान्यांतूनही रोमन धाटणीच्या तलवारी परदेशी जातात. या साऱ्या उद्योगात सर्वांत मोहक आणि सर्वांत निसरडे काम कोणते असेल, तर केवळ दगडातील कोरीव काम पाहून एखादी अलंकृत मूठ हाडात, लाकडात किंवा पितळेत पुन्हा उभी करणे. असे काम ही कलाकृती असते आणि त्याच वेळी ते एका जुन्या कलाकृतीवरचे भाष्यही असते. भाष्य म्हटले की ते मूळ संहितेशी किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न आलाच. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

प्रथम ही माणसे कोण, ते पाहू. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे चौघे म्हणजे रोमन साम्राज्याचा कारभार वाटून घेणारे सम्राट आहेत. इ. स. २८४ मध्ये सत्तेवर आलेल्या डायोक्लेशनने आधी मॅक्सिमियनला सहसम्राट केले आणि २९३ मध्ये कॉन्स्टँशियस व गॅलेरियस या दोघांना कनिष्ठ सम्राटपदी बसविले. चार माणसे, पण राज्य एक आणि मन एक, असे प्रजेला सांगावयाचे होते. म्हणून चेहरे सारखे, म्हणून परस्परांना आलिंगन. आणि या एकोप्याला कोणी आव्हान दिले तर काय होईल, ते सांगण्यासाठी डाव्या हातात मूठ. एका हाताने प्रेमाची भाषा, दुसऱ्या हाताने धाकाची. हाच या शिल्पाचा संपूर्ण आशय आहे.

त्या धाकाची चव आपल्या पूर्वजांनी, म्हणजे श्रद्धेतील पूर्वजांनी, चाखली. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमिडिया येथे राजवाड्यासमोरील ख्रिस्तमंदिर जमीनदोस्त करण्यात आले. पाठोपाठ निघालेल्या राजाज्ञेने मंदिरे पाडली गेली, पवित्र ग्रंथ जाळले गेले आणि पुढे धर्मगुरूंना तुरुंगात टाकले गेले. ज्यांच्या बाणांनी विंधलेल्या मूर्तीपुढे आपण मेणबत्ती लावतो ते संत सेबॅस्टियन परंपरेनुसार याच डायोक्लेशनच्या काळातील रक्तसाक्षी. तेव्हा ख्रिस्ती वाचकाला ही मूठ परकी नाही. तिचे दुसरे टोक आपल्या इतिहासात रुतलेले आहे.

आता कारागिराच्या अडचणीकडे वळू. तलवारीची मूठ पाहण्यासाठी त्याला दगडाकडे का जावे लागते? कारण मूठ टिकत नाही. रोमन तलवारीचे पाते लोखंडाचे असे; मूठ मात्र बहुधा लाकडाची, हाडाची किंवा हस्तिदंताची. लोखंड गंजूनही मातीत आपला आकार राखते. लाकूड कुजते, हाड फुटते. जर्मनीतील माइन्झ येथे १८४८ मध्ये सापडलेली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली ‘टायबेरियसची तलवार’ हे याचे बोलके उदाहरण. तिच्या म्यानावरील नक्षीचा धातू अजून आपल्याला सम्राटांची चित्रे दाखवितो, परंतु ज्या भागाला हाताचा घाम लागला तो भागच उरलेला नाही. अपवादही आहेत. २०२३ मध्ये मृत समुद्राजवळील एन गेदीच्या परिसरात एका गुहेच्या खडकाच्या कपारीत चार रोमन तलवारी मिळाल्या. तिघींची पाती ६० ते ६५ सेंमी लांब, चौथीचे ४५ सेंमी. वाळवंटाच्या कोरड्या हवेमुळे सुमारे १,९०० वर्षांनंतरही त्यांच्या मुठी आणि म्यानांचे लाकूड व चामडे टिकून होते. परंतु असे भाग्य विरळा. एरव्ही कारागिराला दगडाचीच साक्ष काढावी लागते.

दगड उत्तम साक्षीदार आहे, पण तो सारे सांगत नाही. इंग्लंडमधील कोलचेस्टर येथे १८६८ मध्ये मिळालेला शताधिपती मार्कस फॅव्होनियस फॅसिलिस याचा स्मृतिशिलापट पाहा. डाव्या कमरेला तलवार, उजवीकडे कट्यार, पट्ट्यांवरील नक्षी, सारे नीट दिसते. तरीही मूठ कोणत्या वस्तूची होती, तिचा रंग कोणता, वजन किती, मागची बाजू कशी होती, यांविषयी दगड मुका आहे. शिलापटाला मागची बाजूच नसते. शिवाय शिल्पकार हा कोठाराचा कारकून नव्हे. रोममधील ट्रेजनचा स्तंभ इ. स. ११३ मध्ये पूर्ण झाला. त्यावर सैनिकांच्या शेकडो आकृती आहेत. त्या कोरणाऱ्यांनी ढाली लहान केल्या, कारण मोठ्या ढालींमागे माणसे झाकली गेली असती. सुंदर दिसावे म्हणून कलावंत वस्तूला वाकवितो. ती त्याची सवलत आहे. नंतर येणाऱ्या कारागिराने ती सवलत वस्तुस्थिती म्हणून स्वीकारली, तर मात्र घोटाळा होतो.

असा घोटाळा प्रत्यक्षात झालेला आहे. रोमन सैनिकांचे धातूच्या पट्ट्यांचे प्रसिद्ध कवच पूर्वीचे अभ्यासक ट्रेजनच्या स्तंभावरून कल्पीत असत. पट्ट्या चामड्याच्या बंडीवर शिवलेल्या असाव्यात, असा एक तर्क चित्रांतून व पुस्तकांतून रूढ झाला होता. १९६४ मध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळील कॉर्ब्रिज येथे एका लाकडी पेटीत खरोखरीच्या कवचांचे भाग सापडले. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे हेन्री रसेल रॉबिन्सन यांनी त्यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांनी जोडलेल्या होत्या आणि म्हणून त्या एकमेकींवरून सरकत, अंगाबरोबर हलत. दगडाने बाहेरचे रूप सांगितले होते. आतील युक्ती सांगितली नव्हती. ती माणसांनी आपल्या कल्पनेने भरली होती.

सेमिनरीत पवित्र शास्त्र शिकताना पहिल्याच वर्षी दोन ग्रीक शब्दांशी गाठ पडते. एक ‘एक्सेजेसिस’, म्हणजे संहितेत जे आहे ते बाहेर काढणे. दुसरा ‘आयसेजेसिस’, म्हणजे आपल्या मनातले संहितेत घालणे आणि मग ते तिथेच सापडले असे म्हणणे. पहिले काम कष्टाचे, दुसरे मोहाचे. प्रवचनाच्या पीठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा मोह ठाऊक असतो. दगडातील मूठ वाचणारा कारागीर अगदी याच उंबरठ्यावर उभा असतो. त्याच्या कामाची परीक्षा मला याच कसोटीने करावीशी वाटते.

या कसोटीवर चांगल्या कारागिरांना पुष्कळ गुण द्यावे लागतील. आपण वाचक दगडाकडे पाहतो आणि पुढे सरकतो. ज्याला ती वस्तू बनवायची आहे त्याला असे पुढे सरकता येत नाही. साधी गोष्ट घ्या. आपल्या वाडीतला कोयता लाकडी मुठीत कसा बसवितात? पात्याच्या मागचे निमुळते टोक मुठीत घुसवितात. रोमन तलवारीतही पात्यामागची अशी निमुळती सळई पात्यालगतच्या आडव्या भागातून, मग मुठीच्या पकडीतून आणि शेवटी टोकाच्या गोळ्यातून आरपार जाई आणि वरच्या बाजूला ठोकून पक्की केली जाई. सामान्य सैनिकाच्या मुठीचा गोळा साधा वाटोळा, म्हणून हे सोपे. परंतु टोकाला गरुडाचे डोके असेल, तर सळई कुठे संपते? टाळूतून बाहेर काढून ठोकली, तर गरुडाच्या डोक्यावर खिळा दिसेल. आत लपविली, तर ती पक्की कशी करायची? चोच पुढे किती काढायची, म्हणजे ती मनगटाला टोचणार नाही? व्हेनिसचा दगड यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. हे प्रश्न आहेत हेसुद्धा आपल्याला कारागिरामुळेच कळते. हातांनी केलेले हे वाचन आहे, आणि त्यामुळे शिल्पाकडे पाहण्याची आपली दृष्टी खोल होते.

वस्तूच्या निवडीतही चोखंदळपणा दिसतो. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ च्या निर्णयाने बंदी आली. तेव्हापासून अनेक जण गुरांच्या पायांच्या हाडांकडे वळले, आणि ही तडजोड म्हणता येणार नाही, कारण खुद्द रोमन कारागीरही हाड वापरीत असत. नळीसारख्या हाडाला आठ पैलू पाडून, बोटे बसावीत असे खाचे कोरून केलेली पकड हातात घेतली, की मूठ ही मुळात हाताच्या मापाची वस्तू आहे हे उमगते. पॉर्फिरीच्या थंड, चकचकीत दगडावरून ते उमगत नाही.

आता दोषांविषयी. पहिला दोष असा, की दगड कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे बहुतेक प्रतिकृती सांगत नाहीत. शिल्पातील डोके खरे, पण डोळ्यांत बसविलेले लाल खडे कारागिराचे. चोच खरी, पण सोनेरी मुलामा त्याचा. मागच्या बाजूची पिसे तर सर्वस्वी त्याची. हे सारे एकाच झळाळीत मिसळून जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, की प्राचीन रोम असेच होते. वास्तविक याविषयीचा धडा त्या शिल्पातच आहे. चौघांपैकी एकाचे पाऊल तुटलेले होते. व्हेनिसमध्ये त्याच्या जागी दुसऱ्या, फिक्या रंगाचे पाऊल बसविलेले आहे. तांबड्या देहाखाली ते लगेच डोळ्यांत भरते. कुणाला ते विजोड वाटेल. मला त्यात सचोटी दिसते. येथपर्यंत जुने आणि येथून पुढे आमचे, असे ते पाऊल न बोलता सांगते. आणि त्या सचोटीचे महत्त्व पुढे सिद्धही झाले. १९६० च्या दशकात इस्तंबूलमध्ये, बोद्रुम मशिदीच्या परिसरातील उत्खननात, त्याच तांबड्या दगडाचे हरवलेले पाऊल मिळाले. ते आज तेथील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. फिक्या पावलाने आपण मूळ असल्याचा आव आणला नव्हता, म्हणून खरे पाऊल सापडल्यावर कोणालाही खजील व्हावे लागले नाही. मुठी घडविणाऱ्यांनी असे एखादे फिके पाऊल आपल्या कामात जरूर ठेवावे: खात्री नसलेला भाग साधा सोडावा, किंवा निदान वस्तूसोबत तसे लिहून द्यावे.

दुसरा दोष अर्थाचा आहे. गरुडमस्तकाची मूठ ‘रोमन तलवार’ या सरसकट नावाखाली दाखविली जाते. रोमन शिल्पांत अशी मूठ प्रामुख्याने सम्राट, सेनानी आणि देवता यांच्या हाती दिसते. गरुड हा ज्युपिटरचा पक्षी आणि सैन्यदलांचे निशाण. ती मूठ म्हणजे राजदंडाचाच एक प्रकार. फॅसिलिससारख्या शताधिपतीच्या, मग साध्या सैनिकाच्या तर राहोच, कमरेला ती शोभली नसती. चित्रपटांनी हा भेद पुसून टाकला आणि त्याचे पडसाद आपल्यापर्यंत आले आहेत. पवित्र सप्ताहात आपल्या धर्मग्रामांत प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य होते. तरुण मंडळी रोमन सैनिकांसाठी हौसेने पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या तलवारी करतात आणि चित्रपटात पाहिलेल्या सोनेरी मुठी त्यांना लावतात. हौसेला बोल लावण्याचे कारण नाही. पण व्हेनिसचे सम्राट प्रभूच्या मरणानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी झाले आणि पिलाताच्या हाताखालचे शिपाई हे बहुतांशी स्थानिक भरतीच्या साहाय्यक पलटणींतील सामान्य लोक होते, हे लक्षात घ्यावे. त्यांच्या हाती लाकडाच्या वाटोळ्या गोळ्याची साधी मूठ द्यावी. कालवरीवरचे क्रौर्य सोन्यात मढविलेले नव्हते. हुकूम पाळणाऱ्या साध्या माणसांनी रोजच्या कामासारखे ते केले, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुन्हा एकदा त्या चौघांकडे पाहा. चारही तलवारी म्यानात आहेत. मूठ दिसते, म्यानावरील नक्षी दिसते, पाते दिसत नाही. सत्तेच्या कलेचे हे जुने कसब आहे: जो भाग आपल्या हातात असतो तो सजवून दाखवायचा आणि जो दुसऱ्याच्या अंगात जातो तो झाकून ठेवायचा. केवळ मुठीची प्रतिकृती करून ती मखमलीवर मांडणारा कारागीर नकळत सम्राटाचेच काम पुढे नेतो.

पाते पाहायचे असेल तर त्याच व्हेनिस नगरीत दुसरीकडे जावे लागेल. तेथील सान जेरेमिया मंदिरात संत लुसी यांचे अवशेष आहेत. आपल्याकडे डोळ्यांच्या दुखण्यासाठी जिची मध्यस्थी मागतात, तीच ही सिराक्यूजची कुमारिका. ३०४ मध्ये, डायोक्लेशनच्या छळात, तिच्या गळ्यात तलवार खुपसण्यात आली, असे परंपरा सांगते. एका शहराच्या एका कोपऱ्यावर मूठ आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्या पात्याची साक्ष. दोन्ही मिळून एक तलवार पुरी होते. जो समीक्षक केवळ मुठीच्या कारागिरीवर बोलेल, त्याने अर्ध्याच वस्तूची समीक्षा केली असे म्हणावे लागेल.

येथे थांबून रक्तसाक्षींचा जयजयकार करणे सोपे होते. पण हे चौघे व्हेनिसला आले कसे? ते मूळचे कॉन्स्टँटिनोपलचे. इस्तंबूलमध्ये मिळालेले पाऊल त्याची खूण. १२०४ मध्ये चौथ्या क्रूसयुद्धातील सैनिकांनी ते ख्रिस्ती शहर लुटले आणि त्या लुटीबरोबर हे शिल्प व्हेनिसला आले, असे मानले जाते. संत लुसींचे अवशेषही त्याच वर्षी तेथूनच आणल्याची परंपरा आहे. छळ करणाऱ्यांची मूर्ती आणि छळात मेलेल्या कुमारिकेचे अवशेष, दोन्ही एकाच लुटीच्या गाठोड्यात, आणि ते गाठोडे बांधणाऱ्यांच्या वस्त्रांवर क्रूस होता. छळाच्या काळात तलवारीचे पाते आपल्याकडे होते. नऊशे वर्षांनी मूठ आपल्या हाती आली, आणि आपणही तिचा वापर केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ मध्ये अथेन्स येथे या लुटीबद्दल उघडपणे दुःख व्यक्त केले. ख्रिस्तसभेच्या प्रमुखाने आठशे वर्षांपूर्वीच्या तलवारीचे पाते म्यानातून काढून सर्वांना दाखविले, असे मी त्या कृतीचे वर्णन करीन.

मग अशा मुठी घडवू नयेत काय? माझे उत्तर तसे नाही. सुंदर वस्तू घडविण्याचे हात ही परमेश्वराची देणगी आहे आणि दगडातील विसरलेला आकार पुन्हा हातात देणारा माणूस इतिहासाची सेवा करतो. त्याने ती सेवा पुरी करावी, एवढेच मागणे आहे. खरे आणि तर्काचे यांत फरक ठेवावा. राजचिन्हाला शिपायाचे हत्यार म्हणू नये. आणि मुठीसोबत पाते जोडावे, म्हणजे पाहणाऱ्याला त्या वस्तूचे काम काय होते ते कळेल.

गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली आणि मल्खाचा कान कापला, तेव्हा प्रभूने त्याला ती पुन्हा म्यानात घालावयास सांगितले. व्हेनिसच्या सम्राटांच्या तलवारीही म्यानातच आहेत, असे कोणी म्हणेल. फरक हाताचा आहे. त्या चौघांनी तलवार म्यानात ठेवली आणि हात मुठीवर ठेवला. सतराशे वर्षे तो तेथेच आहे. पेत्राने तलवार म्यानात ठेवली आणि पुढे रिकाम्या हातांनी रोमची वाट धरली.